मुंगीला कंबर असते

वाचकाचा प्रश्न

मराठवाड्यातील एका गावच्या दोनशिक्षकी प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. दोन्ही वर्गांचा मिळून पट २३ आहे आणि शाळेला स्वतंत्र कलाशिक्षक नाही. मुख्याध्यापकांनी यंदा असे सुचवले आहे की, चित्रकलेच्या आठवड्यातील दोन तासिका परिसर अभ्यासातच मिसळून टाकाव्यात. प्राणी आणि वनस्पतींचे पाठ चित्रांतून शिकवले म्हणजे दोन्ही विषय एकदम होतील आणि वाचलेला वेळ गणिताच्या उजळणीला मिळेल. शिक्षिकेला ही कल्पना आवडली. परिसरातील पानांविषयीचा पाठ घेताना त्यांनी मुलांकडून पाने चिकटवून गणपती आणि मोर करून घेतले. वर्ग रंगला, भिंत सजली, केंद्रप्रमुख फोटो काढून घेऊन गेले. मात्र आठवड्याभराने विचारले तेव्हा कोणते पान कोणत्या झाडाचे, एवढेही निम्म्या मुलांना सांगता आले नाही. त्यातच एका पालकाने टोमणा मारला, "पानं चिकटवून स्कॉलरशिप मिळणार आहे का?" शिक्षिका लिहितात, "मला स्वतःला चित्र काढता येत नाही. विज्ञानात कला आणली की विज्ञान पातळ होते आणि कलेत विज्ञान आणले की मुलांचा आनंद जातो, असे आता वाटू लागले आहे. हे दोन्ही विषय वेगळेच ठेवावेत का?"

सल्ला

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे आठवड्याभराने तुम्ही मुलांना पुन्हा विचारलेत. भिंत सजल्यावर आणि फोटो गेल्यावर बहुतेक जण तो विषय तेथेच मिटवतात. तुम्ही विचारलेत, उत्तर निराशाजनक आले, आणि त्यावरून तुम्ही कला आणि विज्ञान एकत्र नांदत नाहीत असा निष्कर्ष काढलात. या निष्कर्षाशीच मला थोडे थांबावेसे वाटते, कारण पानांच्या त्या गणपतीत विज्ञान फारसे नव्हतेच, आणि खरे सांगायचे तर कलाही बेताचीच होती. आंब्याच्या पानाचे मोरपीस झाले, तेव्हा त्या पानाच्या शिरा, देठ किंवा कडा यांच्याकडे पाहण्याचे मुलाला काही कारणच उरले नाही. त्याला हवा होता तो एक लांबट हिरवा तुकडा, आणि तो घोटीव कागदाचा असता तरी काम भागले असते. हे मी वरच्या पट्टीत बसून सांगत नाही. मी शिकवायला लागले त्या काळात कापूस चिकटवून केलेले चाळीस ससे माझ्याही वर्गाच्या भिंतीवर होते आणि त्यांतल्या एकाही सशाचे मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा लांब नव्हते.

त्यामुळे एखादी कृती निवडताना स्वतःला एवढेच विचारून पाहा की, हे करताना मूल त्या पानाकडे, किड्याकडे किंवा फुलाकडे पुन्हा पुन्हा पाहणार आहे का. पाहावेच लागणार असेल, तर ती कृती दोन्ही विषयांची आहे. पाहण्याची गरज नसेल, तर ती सजावट आहे. सजावटही वाईट नसते, गॅदरिंगला ती हवीच. तिला परिसर अभ्यासाचा पाठ मात्र म्हणू नये.

आता याच्या उलट बाजूचा एक घोळ पाहू, कारण विषय वेगळे ठेवले तरी तो सुटत नाही. आपल्याकडे विज्ञानात चित्र आधीपासून आहेच, 'सुबक आकृती काढून नावे द्या' या वेशात. जास्वंदीचे फूल शिकवताना मुले पुस्तकातली आकृती पाहून वहीत उतरवतात, आणि वर्गाच्या खिडकीबाहेर एकेरी जास्वंद फुललेली असते. ती आकृती कितीही सुबक आली तरी ती चित्राचे चित्र असते. जे मूल प्रत्यक्ष फूल हातात घेऊन पाच पाकळ्या मोजते, मधून बाहेर आलेल्या लांब दांड्याभोवतीचे परागाचे पिवळे ठिपके बोटाला लावून घेते आणि त्या दांड्याच्या अगदी टोकाला पाच छोटी डोकी आहेत हे ओरडून शेजाऱ्याला सांगते, त्याची रेघ वाकडी असली तरी फूल त्याच्या ओळखीचे झालेले असते. मग पुंकेसर आणि स्त्रीकेसर हे शब्द त्याला कधीही देता येतात. ज्याला नाव द्यायचे ते त्याच्यापाशी आधीच असते.

चित्राचे चित्र काढत गेले की काय होते, याचे एक जुने उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातूनच निघालेले आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिलेला एक गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला पाठवण्यात आला. आल्ब्रेख्त ड्यूरर या थोर जर्मन चित्रकाराने तो गेंडा कधीच डोळ्यांनी पाहिला नव्हता. दुसऱ्या कोणाचे रेखाटन आणि पत्रातले वर्णन एवढ्यावरून त्याने गेंड्याचा लाकडी ठसा तयार केला. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आले आणि पाठीवर, मानेच्या मागे, एक जादा शिंगही उगवले. पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपातल्या पुस्तकांतून तेच शिंग उतरवले जात राहिले. चित्र देखणे होते, हीच तर अडचण होती. याउलट मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रे काढत होती, आणि १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, मुलीला सोबत घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, ती तेथल्या अळ्या आणि फुलपाखरे पाहायला. त्या काळी किडे चिखलातून, सडक्या वस्तूंतून आपोआप उपजतात असे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटत असे. मेरियनने अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू हे सारे एकाच चित्रात, ती अळी जे झाड खाते त्याच झाडावर दाखवले. तिची ही चित्रे १७०५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे चित्र काढणे आणि तिचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. तुमच्या वर्गातही हे घडू शकते, आणि त्यासाठी सुरिनामला जाण्याचे कारण नाही.

सुरुवात मुंगीपासून करा. हा पाठ मी स्वतः पुष्कळदा घेतला आहे आणि तो जवळजवळ कधीच फसत नाही. पहिल्या दिवशी काहीही न सांगता मुलांना मुंगीचे चित्र आठवणीतून काढायला सांगा. कागद पाठकोरा चालेल, पण मुंगी वीतभर मोठी हवी. कोणी चार पाय काढेल, कोणी दहा, बरेच जण पोटाला पाय लावतील, आणि दोन-चार मुंग्या तुमच्याकडे पाहून हसतील. काहीही दुरुस्त करू नका. कागदावर नाव आणि तारीख घालून ते गोळा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला भिंतीशी गुळाचा खडा ठेवा, मुलांना चौघा-चौघांच्या गटाने उकिडवे बसवा आणि गटात एक भिंग द्या. चावऱ्या लाल मुंग्यांच्या वारुळापासून मात्र दूर बसा. पहिली पाच मिनिटे नुसता गोंगाट असतो. मग एखादी मुलगी म्हणते, "बाई, हिला कंबर आहे!" आणि सगळी डोकी त्या एका भिंगावर आदळतात. डोके, मधला भाग आणि पोट असे तीन भाग, सहाच्या सहा पाय मधल्या भागाला, डोक्यावरच्या मिशा कोपरात वाकवल्यासारख्या. हे सारे मुले आपल्या शब्दांत सांगतात. मग दुसरे चित्र काढायला द्या आणि त्याच्याखाली एकच वाक्य लिहून घ्या: "मला वाटले होते की…, पण दिसले की…" हे वाक्य रिकामे राहिले, तर मुलाने पाहिले नाही असे समजून त्याला पुन्हा गुळापाशी पाठवा.

या दोन चित्रांमधले अंतर म्हणजेच त्या दिवसाचे शिकणे, आणि ते कोणत्याही चाचणीपेक्षा लख्ख दिसते. म्हणून पहिले चित्र खोडायचे किंवा फाडायचे नाही. तुमच्या हाताशी खोडरबरांचा डबा असेल, तर त्या तासापुरता तो कपाटात राहू द्या.

तुम्हाला चित्र काढता येत नाही, ही चिंता तुम्ही पत्रात लिहिली आहे. ज्या प्रकारच्या पाठाविषयी मी बोलते आहे, त्यात चांगला हात असलेल्या शिक्षकाचा एक तोटाच असतो: तो फळ्यावर झोकात मुंगी काढून दाखवतो आणि २३ वह्यांत त्याच मुंगीच्या २३ नकला तयार होतात. तुम्हाला हा मोह होणार नाही. एक मात्र करा, मुलांबरोबर जमिनीवर बसून तुम्हीही काढा. कागदाकडे न पाहता, नजर पानाच्या कडेवर ठेवून, डोळा जितक्या वेगाने सरकेल तितक्याच वेगाने पेन्सिल सरकवायची, असा एक खेळ आहे. त्यात सर्वांचीच चित्रे तिरपागडी येतात, बाईंचेही येते, सगळे हसतात, आणि नजर कडेवरून सरकायला शिकते. बाईंनाही जमत नाही आणि तरी त्या काढताहेत, हे पाहून मागच्या रांगेतल्या त्या एका मुलाची, जो कायम "मला येत नाही" म्हणून वही झाकतो, पेन्सिल हलू लागते. असे मूल प्रत्येक वर्गात असते.

दुरुस्ती कशी करायची, हा यातला नाजूक भाग आहे. निरीक्षणाच्या चित्रावर लाल पेन चालवायचा नाही, पण 'छान' असा शिक्का मारून सोडूनही द्यायचे नाही. "इथे पानाचा देठ फांदीला कसा चिकटलाय, पुन्हा बघून ये," एवढे म्हणायचे आणि मुलाला वस्तूकडे परत पाठवायचे. चूक आहे की नाही, हा निवाडा तुम्ही करायचा नाही, तो पानावर सोपवायचा. काही मुलांच्या बोटांना पेन्सिल अजून वळत नसते. त्यांनी पाहिलेले असते, पण कागदावर उतरत नाही. अशा मुलांना माती द्या. पोळ्याला तुमच्याकडे मातीचे बैल होतातच. त्या आठवड्यात गावातला एखादा शांत बैल पाहून या आणि मग बैल करू द्या: कान शिंगांच्या वर की खाली, खूर अखंड की दुभंगलेला, मागचा पाय कोणत्या बाजूला वाकतो, वशिंड नेमके कुठे आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना यातले तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. बैल दोनदाती की चारदाती हे आजोबा कसे ओळखतात, असे विचारलेत तर एखादा पोरगा घरून विचारून येईल आणि बैलाला वरच्या बाजूला पुढचे दातच नसतात, ही बातमी वर्गाला देईल. मातीकाम, प्राण्याची शरीररचना आणि गावाचे ज्ञान यांची वेगवेगळी तासिका तेव्हा कोणाला आठवतही नाही.

दोन वर्ग एकत्र असणे ही तुम्हाला अडचण वाटत असेल. या कामापुरती ती सोय ठरेल. वस्तू एकच ठेवा आणि प्रश्न वेगळे द्या. पानांचेच घ्या, कारण तो पाठ तुम्हाला पुन्हा घ्यावासा वाटत असणार. शिरांची बाजू वर करून पान कागदाखाली ठेवायचे आणि मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा, की पानाचा ठसा उमटतो. पिंपळाचा ठसा आणि ज्वारीच्या पानाचा ठसा शेजारी ठेवले की एकीकडे जाळे आणि दुसरीकडे वहीच्या रेघांसारख्या रेघा, हे तिसरीच्या मुलालाही न सांगता कळते. तिसरीने ठशांचे दोन ढीग लावावेत. चौथीने बाहेर जाऊन हरळीचा आणि तांदुळजाचा एकेक रोप मुळासकट उपटून आणावा आणि जाळीचे पान असलेल्याचे मूळ कसे आहे, रेघांचे पान असलेल्याचे कसे आहे, हे ठशाखाली काढावे. बहुधा जाळीदार पानाखाली सोटमूळ आणि समांतर शिरांखाली तंतुमय मूळ सापडते. हा संबंध मुलांनी स्वतः लावला तर तो पुढे सहावी-सातवीतही पाठ करावा लागत नाही. तुमच्याकडे ज्याला लिंब म्हणतात त्या कडुनिंबाची एक पानोळीही त्यांच्या हाती द्या. पान मधोमध दुमडले की दोन्ही बाजू जुळतात, असे रांगोळी काढणाऱ्या मुलींना पक्के वाटत असते. कडुनिंबाचे पान बुडाशी तिरके असते, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी निघते, आणि तेथे त्यांची सममिती अडखळते. असे अडखळणे मला फार आवडते. आणि ज्या मुलाला कमी दिसते, त्यालाही या तासाला बाजूला बसवू नका. पारिजातकाचे खरखरीत पान आणि केळीचे गुळगुळीत पान बोटांनी ओळखण्यात तो इतरांच्या पुढे असेल.

मग रंगाचा उपयोग कोठे करायचा, असे तुम्ही विचाराल. जेथे रंग स्वतःच काही सांगत असतो तेथे. नवरात्रात घटाखालच्या मातीत उगवलेले धान मुलांनी पाहिलेले असते आणि दसऱ्याला ते टोपीत खोवलेलेही असते. प्रत्येक घरी घट बसतोच असे नाही, म्हणून वर्गातच दोन डबे घ्या, दोन्हींत तीच माती, तेच गहू आणि तेवढेच पाणी. एक खिडकीत ठेवा, दुसऱ्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घाला. रोज दहा मिनिटे दोन्हींचे चित्र काढायचे, पट्टीने उंची मोजून, आणि रंग शक्यतो तंतोतंत जुळवून. डबीतला हिरवा रंग जसाच्या तसा लावला तर तो जुळत नाही, पिवळा किती मिसळायचा यावर भांडणे होतात, आणि त्या भांडणातच मुले अंकुरांकडे इतके निरखून पाहतात जितके तुम्ही सांगून पाहिले नसते. खोक्याखालचे अंकुर पिवळट निघतात, याचे फारसे नवल वाटत नाही. पण ते खिडकीतल्यांपेक्षा उंच निघतात, तेव्हा सारा वर्ग चक्रावतो. अंधारातले रोप उजेड शोधत उंच धावते आणि हिरवेपणा उजेडाशिवाय येत नाही, हे तुम्ही नंतर सांगायचे, आधी नाही.

आता मुख्याध्यापकांच्या प्रस्तावाकडे येऊ. त्यांच्यावर रागावू नका. दोन शिक्षकांत चार-पाच वर्ग, वर खिचडीची नोंदवही आणि ऑनलाइन माहितीचा रेटा असला की माणूस तासिका कोठून वाचतील हेच शोधतो. मात्र त्यांचे एक गृहीतक चुकते आहे. वर सांगितलेल्या पद्धतीने शिकवले तर वेळ वाचत नाही, उलट थोडा जास्तच लागतो. मुंगीला दोन दिवस लागतात आणि डब्यांना दहा. फायदा होतो तो दुसरीकडे, पुन्हा शिकवावे लागत नाही यात. म्हणून माझे मत असे की, चित्रकलेच्या दोन तासिकांपैकी एक परिसर अभ्यासाला जोडा आणि दुसरी काही झाले तरी सोडू नका.

ही दुसरी तासिका मी इतकी हट्टाने का मागते, तेही सांगते. निरीक्षणाच्या चित्रात खरेखोटे असते. मुंगीला आठ पाय काढले तर ते चुकते. मुलाला असेही चित्र हवे असते ज्यात मुंगीला आठशे पाय असू शकतात, तिच्या पायांत चपला असू शकतात आणि झाड निळे असू शकते. तुम्हाला भीती वाटते की विज्ञान आल्याने आनंद जाईल. तो जातो, पण फक्त तेव्हा, जेव्हा मुलाच्या प्रत्येक चित्राला आपण विज्ञानाचा गज लावतो. तासिका वेगळी असली की मुलाला नियम कळतात: आज पाहून काढायचे, शुक्रवारी मनातून. माझा अनुभव असा की, पाहून काढण्याची सवय लागलेल्या मुलांची मनातली चित्रेही बदलतात. 'निसर्गचित्र' म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, झोपडी आणि नारळाचे झाड, हे चित्र महाराष्ट्रातल्या कोणत्या शाळेत निघत नाही? तुमच्या गावात तर डोंगरही नाही आणि नारळही नाही, बाभळी आहेत आणि क्षितिजापर्यंत ज्वारी. ज्या दिवशी एखाद्या मुलाच्या शुक्रवारच्या चित्रात कोणी न सांगता बाभळ येईल, आणि तिच्यावर सुगरणीची लोंबती घरटी येतील, त्या दिवशी मला एक पोस्टकार्ड टाका.

मुख्याध्यापकांशी बोलताना भावनेपेक्षा नोंदवही उपयोगी पडेल. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक आणि उपक्रम ही साधने आहेतच. मुंगीची दोन चित्रे आणि त्याखालचे ते एक वाक्य ही यांतल्या कोणत्याही रकान्यात बसणारी, तारीखवार आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आहे. वर्णनात्मक नोंदी लिहिताना 'चित्रकलेत रस घेतो' असे दरवर्षीचे वाक्य उतरवण्याऐवजी 'कीटकाचे पाय मधल्या भागाला असतात हे स्वतः पाहून दुरुस्त केले' असे लिहिता येईल. कलेची इतर विषयांशी सांगड घालावी असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे, त्यामुळे कागदोपत्री तुमची बाजू भक्कम आहे. गुण मात्र सौंदर्याला देऊ नका. सुंदर चित्राला गुण दिले की वर्गातली दोन-तीन हुशार बोटे जिंकतात आणि बाकीचे वीस जण पाहणे सोडून देतात.

स्कॉलरशिपचे विचारणाऱ्या त्या पालकांचाही प्रश्न मला उद्धट वाटत नाही. मोलमजुरी करून मुलाला शाळेत धाडणाऱ्या माणसाने शाळेत काय चालले आहे हे विचारलेच पाहिजे, आणि पानांच्या मोराकडे पाहून त्यांना दुसरे काय वाटणार होते? पुढच्या पालकसभेला भिंतीवर 'उत्कृष्ट चित्रे' लावू नका. प्रत्येक मुलाच्या दोन्ही मुंग्या, आठवणीतली आणि पाहिलेली, शेजारी-शेजारी लावा, सगळ्या २३ जणांच्या. पालकांनी आपल्या मुलाचा कागद शोधावा आणि मुलाने त्यांना काय बदलले ते स्वतः सांगावे. तुम्ही बोलू नका.

साहित्यासाठी खर्च करण्याची गरज नाही. कार्यालयातले पाठकोरे कागद सुईदोऱ्याने शिवून प्रत्येकाची एक वही करा. रेषेसाठी चुलीतला कोळसा आणि रंगासाठी गेरू, हळद चालते. पैसे खर्च करायचेच असतील, तर सहा चांगली भिंगे घ्या. फुले आणि पाने शक्यतो खाली पडलेलीच वेचावीत. रुईच्या झाडावर अळ्या हमखास सापडतात, पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते, म्हणून रुईला मुलांनी हात लावू नये. केसाळ सुरवंटालाही नाही.

अळीच पाळायची असेल तर कागदी लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरची घ्या. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने डिवचलेत तर डोक्यामागून केशरी-लाल रंगाची दोन शिंगे बाहेर काढून घाण वास सोडते. मुलांना हा प्रकार इतका आवडतो की तिला डिवचण्यावर तुम्हाला बंदी घालावी लागेल. रोजचे चित्र काढताना कोणीतरी तिचे सोळा पाय मोजेल आणि "कीटकाला सहाच ना, बाई?" असे तुम्हाला पकडेल. घाबरू नका. पुढचे सहा खरे पाय आहेत, त्यांना सांधे असतात. मागचे दहा म्हणजे पकडण्यापुरते मांसल टेकू, आणि फुलपाखरू बाहेर येते तेव्हा ते नसतात. मुलांनी दोन्ही प्रकार चित्रात वेगळे काढून दाखवले तर समजा की पाठ झाला. बरणीच्या तोंडावर मलमलचे फडके बांधा, पाने रोज ताजी द्या, आत एक काडी तिरपी ठेवा आणि कोश झाल्यावर बरणी हलवू नका. फुलपाखरू निघाल्यावर पंख वाळेपर्यंत त्याला हात लावू न देता तसेच राहू द्या आणि मग झाडापाशी सोडा.

एक तारीख तेवढी सांभाळा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभर लागतो, म्हणून दिवाळीची सुट्टी तोंडावर असताना अळी आणू नका. मी एका वर्षी आणली होती. सुट्टीनंतर वर्ग उघडला तेव्हा काडीला रिकामा कोश लटकत होता आणि फडक्याखाली फुलपाखरू मरून पडले होते. मुलांनी त्याचेही चित्र काढले, पण त्या दिवशी वाक्य लिहायला मी कोणाला सांगितले नाही. सुट्टी जवळ आलीच आणि कोश तयार असेल, तर ती काडी तशीच उचलून शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी, वाऱ्यापावसापासून आडोशाला पण उघड्यावर बांधून द्या, आणि रोजचे चित्र त्याच्याकडे सोपवा.